खिंडसीचा डोंगा

देवराव मेश्रामचा कमाल चौकाजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे जोडफोटो आणि नोकरीच्या अर्जाला लावायचे फोटो काढून घर चालायचं, पण त्याचा जीव होता मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात. कॅमेरा तिपाईवर उभा करायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, मागच्या दुधी काचेवर उलटं पडलेलं जग निरखायचं आणि मग तळहाताएवढ्या फिल्मवर एकच फोटो घ्यायचा. नागपुरात हा नाद असलेली माणसं मोजकीच होती. त्यातला वसंत घाटे त्याचा जिवलग. वसंत सरकारी कचेरीत कामाला, राहायला जुन्या शहरातल्या महाल भागात. रविवारी सायकलनं यायचा, देवरावच्या बायकोच्या, प्रेमिलाच्या हातचं पोटभर जेवायचा आणि मग दोघं कॅमेरा घेऊन निघायचे.

शहात्तरच्या उन्हाळ्यात वसंतच्या मेहुण्यानं जर्मनीहून त्याच्यासाठी एक लेन्स आणली. पासष्ट मिलिमीटरची, फार रुंद नजरेची. देवरावची जुनी लेन्स नव्वदची होती, आणि मोठ्या कॅमेऱ्यावर नव्वदहून रुंद लेन्स कुणी लावलेली त्याच्या पाहण्यात नव्हती. शहरातल्या छायाचित्र मंडळात चर्चा सुरू झाली, निसर्गचित्रासाठी दोन्हींतली बरी कोणती? देवरावच्या शब्दाला तिथं वजन होतं. मंडळानं त्यालाच सांगितलं, दोन्ही ताडून पाहा आणि बैठकीत बोला.

दोघं खिंडसीच्या तलावावर गेले. पाणी पार आत सरलं होतं. काठचा चिखल वाळून भेगाळला होता आणि त्या चिखलात लहान होडीसारखा एक डोंगा तिरपा रुतून बसला होता. पलीकडे टेकड्यांची रांग. देवरावनं एकाच जागेवरून आधी नव्वदनं, मग पासष्टनं असे फोटो घेतले. ऊन वाढलं तसा वसंत पाणी आणायला वस्तीवर गेला.

एकटा राहिल्यावर देवरावला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिपाईचे पाय फाकवले, कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली आणला आणि डोंग्याच्या टोकाला अगदी भिडवला. कापडाखाली शिरला आणि तसाच थांबला. डोंग्याचं टोक काचभर झालं होतं. पायाशी भेगांची जाळी पसरली होती आणि एवढाल्या टेकड्या मागे दोऱ्यासारख्या बारीक. नव्वदला हे जमलंच नसतं. त्यानं श्वास धरून फोटो घेतला.

वसंत कळशी घेऊन आला तेव्हा देवराव चिखलात बसून हसत होता.

"वसंता, तुह्या लेन्सनं आज मले येडं केलं गा," तो म्हणाला.

महालातल्या घरी विहिरीचं पाणी गार, म्हणून उन्हाळ्यात फिल्मा वसंतच धुवायचा. पुढच्या रविवारी त्यानं नव्वदच्या तेवढ्या आणल्या.

"पासष्टच्या साऱ्या गेल्या रे," तो खाली बघून म्हणाला. "कोपरे काळे, मध्ये नुसता धूर. लेन्सच खराब निघाली. फेकून दिल्या मी."

देवरावचं मन खट्टू झालं. पण मित्राची हौसेची वस्तू वाया गेली, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. मंडळाच्या बैठकीत त्यानं उभं राहून सांगितलं, पासष्टच्या नादी लागू नका, नव्वदच बरी. वसंत शेजारीच बसला होता, होकाराची मान हलवत.

हिवाळ्यात धंतोलीच्या एका सभागृहात मोठं प्रदर्शन भरलं. परीक्षक बाहेरगावचे होते. पहिलं बक्षीस वसंतला मिळाल्याचं कळलं तेव्हा देवराव आनंदानं प्रेमिलाला घेऊन गेला. समोरच्या भिंतीवर डोंगा होता. खाली नाव, वसंत घाटे. त्याखाली लेन्स, पासष्ट.

देवरावनं ती ओळ दोनदा वाचली. तेवढ्यात मंडळातले बळीराम बांते जवळ आले.

"काहून गा देवराव, लेन्स तर झकास आहे. तू आमाले उलटंच सांगून राहिला होता. मित्राचं बरं पाहवलं नाही का?"

 प्रेमिलानं देवरावला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महालात गेला. दार वसंतच्या बायकोनं, सुमतीनं उघडलं. वसंत त्याला बघून उभा राहिला, मग बसला.

"लेन्स माझी होती," देवरावनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला. "फिल्म मी धुतली. छापली मी."

"फोटो कोनं काढला?"

 वसंत आवाज खाली आणून बोलू लागला. "देवराव, खरं सांगू? मेश्राम नावानं पाठवला असता तर भिंतीवर तरी लागला असता का? आडनावावरून जात बघणारे ते परीक्षक, ते लोक कसे आहेत, तुला काय मी सांगायचं? निदान फोटो तरी लोकांसमोर आला."

देवरावनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं वर्षानुवर्षं त्याच्या ताटाला ताट लावून जेवण केलं होतं.

"ते लोक कसे आहेत ते मले माहीत होतं," तो म्हणाला. "तू कसा आहेस ते नव्हतं माहीत."

सुमती दारातून सगळं ऐकत होती. ती आत गेली, कपाटातून एक पाकीट काढून आणलं आणि नवऱ्याकडे न बघता देवरावच्या हातात दिलं. पासष्टच्या साऱ्या फिल्मा त्यात होत्या. देवरावनं एकेक खिडकीच्या उजेडात धरली. स्वच्छ, रेखीव. कोपरे किंचित झाकोळलेले, ते तेवढ्या रुंद लेन्सचे असायचेच.

मंडळाच्या बैठकीत त्यानं दोन्ही लेन्सचे फोटो जोडीनं मांडले. नव्वद कुठं सरस, कारण तिच्यात लेन्स वरखाली सरकवून चौकट साधायला जागा राहते. पासष्ट कुठं सरस, कारण पायाजवळची वस्तू ती उचलून समोर आणते. सगळं नीट समजावून दिलं आणि मग म्हणाला, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. मले तसंच सांगितलं गेलं होतं. हा डोंग्याचा फोटो मी काढलेला आहे."

वसंत खिडकीबाहेर बघत होता.  अध्यक्षांनी घसा खाकरला. "तुमचं आपसातलं आपसात मिटवा," ते म्हणाले आणि चहा सांगितला. बळीरामही कपात बघत राहिले. बक्षीस होतं त्याच नावावर राहिलं. देवराव पुन्हा मंडळात गेला नाही.

पुढे एका दुपारी वसंत स्टुडिओत आला. देवरावनं नवरा-नवरीला बाकावर बसवलं होतं. वसंतनं खिशातून लेन्सची डबी काढून टेबलावर ठेवली.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "मला नाही बघवत तिच्याकडे."

देवरावची नजर डबीवर गेली आणि तिथंच अडकली. ती लेन्स त्याला हवी होती, अजूनही हवी होती.

"घेऊन जाय गा," तो म्हणाला.

 वसंत डबी उचलून पायऱ्या उतरला. देवरावनं नवरीला पदर नीट करायला सांगितलं आणि पुन्हा कापडाखाली गेला. काचेवर सगळं धूसर दिसत होतं. त्यानं डोळे पुसले, दोघांना जरा जवळ बसायला सांगितलं आणि फोटो घेतला.