सोमा कासाराचं दप्तर

मी संशयी माणूस नाही, असं सगळेच संशयी लोक म्हणतात, म्हणून मी ते म्हणणार नाही. दूधवाला द्रौपदीला भाव सांगताना हसला, एवढ्यावरून मी दूधवाला बदलला होता. आणि ती ज्या दुकानाच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, त्या दुकानात साड्यांचं गाठोडं पोचवायला मी स्वतः जात असे, आमच्या कॅम्प चार वस्तीच्या रणरणत्या उन्हात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. शेजाऱ्यांना वाटायचं, काय बायकोची काळजी घेतो हा भगवंत! द्रौपदीला काय वाटायचं ते तिने चौदा वर्षांत बोलून दाखवलं नव्हतं. ती मान खाली घालून मशीन चालवायची, वेळेवर जेवायला वाढायची आणि माझ्याकडे बघायची ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तशी. तिने एकदा तरी डोळे भरून माझ्याकडे बघावं, एवढीच माझी संसाराकडे मागणी होती, आणि ती नजर मध्येच कुणी चोरून नेऊ नये म्हणून माझा हा पहारा होता. मेलेल्या माणसांचा विचार मी केला नव्हता.

अठ्ठ्याऐंशी साली बदलापूर पूर्वेला, शिरगावात, भातखाचरं बुजवून चार मजली इमारती उभ्या राहायला लागल्या आणि वडिलांनी कधीकाळी सांगितलेली गोष्ट मला एकदम आठवली. माझे पणजोबा सोमा कासार शिरगावात राहायचे. त्यांचं घर होतं, विहीर होती आणि बारा गुंठे जागा. मधल्या पिढीत कुणी तिकडे फिरकलंच नाही. वडिलांनी बांगड्यांचा पिढीजात धंदा सोडून अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पुढे मीही तिथेच स्टोअरकीपर झालो. आता त्या जागेवर एका बिल्डरने हक्क सांगितला होता, तेव्हा मीही अर्ज ठोकला. तहसील कचेरीने सुनावणीची तारीख दिली आणि सोमा कासाराचा मी वारस असल्याचा पुरावा मागितला. वडिलांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर निघालं. रेकॉर्डरूमला दोन महिने खेटे घालून आणखी काही नकला मिळवल्या. सगळे कागद मोडीत होते, आणि मला मोडीतलं एक अक्षर येत नव्हतं.

"आणा इकडे," द्रौपदी म्हणाली. मुरबाडला तिचे वडील एका जमीनदाराकडे कारकून होते आणि त्यांची नजर गेल्यावर जुने कागद तीच त्यांना वाचून दाखवायची, हे मला चौदा वर्षांनी कळलं. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

मग रोज जेवणाआधी तासभर आम्ही बसायला लागलो. ती कागदावर बोट ठेवून वाचायची आणि मी शंभरपानी वहीत उतरवून घ्यायचो. मौजे शिरगाव. सोमा वल्द राघो, जात कासार, धंदा बांगड्या भरणे. घर एक, कौलारू. पडवी पूर्वेस. विहीर एक, बांधीव. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ आम्ही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा बसलो नव्हतो. जमीन मिळो न मिळो, हा तास मिळाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

चौथ्या दिवशी ती वाचू लागली, "अंगाने शिडशिडीत. हात थंड. बांगडी डाव्या हाताने भरतो."

मी लिहिलं आणि थांबलो. "जमिनीच्या कागदात हे कशाला?"

"ओळख पटावी म्हणून लिहीत असतील." तिने मान वर केली नाही.

मला ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी ती वाचायला लागली ती वेगळ्याच आवाजात, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशी हळू. "बांगडी भरताना बोलत नाही. बाई डोळे मिटून घेते, तेव्हा थांबतो. तिने डोळे उघडेपर्यंत थांबतो." आणि एवढं वाचून ती त्या पिवळ्या पडलेल्या कागदाकडे बघत राहिली. ते बघणं मी लगेच ओळखलं, कारण चौदा वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या, माझ्याच रक्ताच्या म्हाताऱ्याचा मला हेवा वाटला आणि त्याची लाजही वाटली, पण हेवा जास्त वाटला.

"पुढे?" मी विचारलं.

"आजचं झालं," असं म्हणून तिने दप्तर बांधलं, आणि त्या दिवसापासून गाठ तीच मारायची आणि तीच सोडायची.

त्यानंतर आठवड्याभरात तिच्या हातात काचेच्या बांगड्या दिसल्या, दोन्ही हातांत सहा-सहा, हिरव्यागार. मशीनवर काच टिकत नाही म्हणून ती कायम प्लॅस्टिकच्या दोन घालायची. मी कामावरून आलो तर ती पोळ्या लाटत होती आणि घरभर तो किणकिण आवाज भरला होता.

"कुठे भरल्या या?"

"शिरगावला. जागा बघायला गेले होते. तुम्ही कागदच बघत बसलात, जागा कुठे बघितली?"

"शिरगावात कासार आहे?"

"असायला काय झालं? कासाराचंच घर ना ते!" तिने तव्यावरची पोळी उलटली.

मला न विचारता ती एकटी बदलापूरला जाऊन आली, या एका गोष्टीवरून एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिचा हात कुणीतरी हातात घेतला होता. अंगठ्याचा सांधा दाबून, तळवा मिटून, एकदा नाही, बारा वेळा.

रविवारी मी शिरगाव गाठलं. जागेवर घराचं जोतं तेवढं उरलं होतं, त्यावर करवंदीची जाळी माजली होती आणि विहिरीच्या काठाशी रखमा नावाची एक म्हातारी बकऱ्या चारत होती. तिला कासाराचं विचारलं तर ती बोळक्या तोंडाने हसली.

"कासार? तो आमच्या आजीच्या टायमाला व्हता. आता कोन येतंय हितं? आता सगलं बदलापूरच्या बाजारात."

"परवा एक बाई आली होती ना? गोरीशी, निळं लुगडं?"

"आलती ना, बेस्तरवारी. हितंच बसलेली हिरीच्या काठाला. हात असा म्होरं केलेला आन् डोलं मिटलेलं. लय वेल बसली. मी म्हनलं, बाय, ऊन लागंल."

"सोबत कोण होतं?"

"कोन नाय. येकलीच."

मी विचारलं, "आजी, तिच्या हातात बांगड्या होत्या का?"

म्हातारीने आठवून पाहिलं. "येताना नव्हत्या," ती म्हणाली. "जाताना वाजत व्हत्या."

दुसऱ्या दिवशी द्रौपदी नळावर गेली असताना मी दप्तर आणि माझी वही पिशवीत घातली आणि अंबरनाथला हरिचंद्र गुरव यांच्याकडे गेलो. हा माणूस तीस वर्षं जुन्या दप्तरांत काम करून निवृत्त झालेला. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता यायची. त्यांनी खिडकीशी बसून भिंगातून एकेक कागद वाचला आणि मी वहीतल्या ओळींवर बोट ठेवत ऐकत गेलो. घर, पडवी, विहीर, बांध, सगळं जुळलं. मग चौथ्या दिवसाचं पान आलं. ते शेतसारा भरल्याचं वाचत होते आणि माझ्या वहीत थंड हात होते.

"हातांबद्दल काही नाही का?" मी विचारलं. "कासाराच्या हातांबद्दल?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अहो भगवंतराव, जमिनीचा कागद आहे हा. हातांचं काय असणार यात?"

"आणि डोळ्यांचं?"

"कसले डोळे?" त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि पुढचा कागद उचलला. शेवटचं पान द्रौपदीने कधी वाचलंच नव्हतं. ते फाटकं आहे, अक्षर लागत नाही, असं म्हणून तिने बाजूला ठेवलं होतं. हरिचंद्रांना ते लागलं. "तक्रार आहे कुणाची तरी. हा गृहस्थ म्हणतो, मी घरी नसता सोमा कासार माझ्या घरात शिरला आणि माझ्या बायकोच्या हातात बांगड्या भरून गेला. पंचांनी कासाराला बोलावणं धाडलं, तर तो गावात नाही. पुढे त्याचा ठावठिकाणा नाही म्हणून लिहिलंय."

"तक्रार करणाऱ्याचं नाव काय?"

"नाव होतं, पण तेवढंच वाळवीने खाल्लंय." त्यांनी कागद नीट लावून माझ्या हातात दिले. "तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? तुमचं काम झालं. वंशावळ आहे, चतुःसीमा आहे. पुढच्या सोमवारी सुनावणीला हे ठेवा पुढे, जागा तुमची."

जागा माझी! येताना वाटभर मला त्या बारा गुंठ्यांचा काडीचाही आनंद झाला नाही. कागदात काही नव्हतं. म्हणजे जे होतं ते तिच्याच मनात होतं, आणि कागदातला सोमा परवडला असता. मेलेल्याशी भांडता येत नाही. दूधवाल्यासारखा त्याला बदलताही येत नाही. मग मी ठरवलं, तो जे करतो ते आपण करायचं. कासाराचा पणतू आहे मी; माझ्या हाताला काय झालंय?

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारी कॅम्प चारच्या बाजारात एका सिंधी म्हाताऱ्याच्या दुकानात शिरलो आणि काचेच्या बांगड्या मागितल्या.

"साईं, नाप क्या है?"

मला माप माहीत नव्हतं. बायकोच्या मनगटाचं माप नवऱ्याला माहीत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं. मी काही बोलण्याआधी माझा डावा हात वर गेला आणि अंगठा आणि मधलं बोट जुळून त्यांचं एक गोल कडं झालं. म्हाताऱ्याने त्यात एक बांगडी धरून पाहिली, ती तंतोतंत बसली. "दो-चार," त्याने माप सांगितलं. "अपना ही धंधा है क्या?"

मी मोतिया रंगाच्या डझनभर घेतल्या. कागदात गुंडाळताना मला वडिलांचं एक बोलणं आठवलं. आमच्या घरात रीत होती म्हणे, कासाराने दुनियेच्या बायकांना बांगड्या भराव्यात, स्वतःच्या बायकोला कधी भरू नयेत. तिला तिचा बाप किंवा भाऊ भरतो. मी लहानपणी कारण विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, "भरताना कासार कुणाचा कोणी नसतो, म्हणून." धंदाच राहिला नाही तिथे रीत कसली, असं म्हणून मी पैसे दिले.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. द्रौपदी मशीनवर होती. मी पुडा सोडून समोर ठेवला आणि म्हणालो, "हात दे."

ती उठली, तिने चटई अंथरली, माझ्यासमोर पदर सावरून बसली आणि हात पुढे केला. जन्मात हे काम न केलेला मी, पण त्या हिरव्या बांगड्या माझ्या बोटांखाली अशा सरकत निघाल्या की एकही तडकली नाही. मग मी तिचा अंगठा तळव्यात दाबला आणि पहिली बांगडी चढवली. तिच्या कपाळावर साधी आठीसुद्धा पडली नाही. तिने डोळे मिटून घेतले. मी थांबलो. का थांबलो ते मला ठाऊक नाही, घाई तर मला होती. पण तिने डोळे उघडेपर्यंत माझा हात पुढे सरकला नाही.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेबद्दल मी काय सांगू! चौदा वर्षांची माझी मागणी एका क्षणात फिटली. उरलेल्या अकरा बांगड्या मी कशा भरल्या ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही आणि बाहेरच्या गल्लीतले आवाज खूप लांबून येत होते.

शेवटची बांगडी चढली तशी ती उठली आणि तिने वाकून मला नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला असा नमस्कार करते. मग तिने दाराकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, घाईघाईने म्हणाली, "निघा आता. आमचे हे यायची वेळ झाली."

मी हसलो. ती हसली नाही. ती घाबरली होती, खरोखर घाबरली होती. ही भीती चौदा वर्षं याच दोन खोल्यांत राहत असणार, आणि पहारा करणाऱ्या मला ती एकदाही दिसली नव्हती. "द्रौपदी, अगं मीच..." असं मी म्हणणार होतो. पण ते म्हटलं तर ती नजर विझेल आणि पुन्हा मी घड्याळ होईन, हे मला कळलं. मी मुकाट्याने चपला घातल्या आणि बाहेर आलो. माझ्यामागे दार लागलं, कडी सरकली.

गल्लीच्या नळापर्यंत गेलो असेन. तिथे भानावर आलो, स्वतःला चांगल्या शिव्या घातल्या आणि परत फिरलो. दारावर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात आत कुणीतरी पुरुष खाकरला.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजातला संशय मी लगेच ओळखला.