पट्ट्यांचा आडोसा

अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात आनंदरावांच्या थुंकीत पुन्हा रक्त दिसलं. ते लकडगंजात सुतारकाम करत. पहिल्या खेपेला इंजेक्शनांनी जरा बरं वाटताच औषध सोडून कामावर गेले होते, तेच दुखणं आता उलटलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना, बाजूला घेऊन बजावलं, "दोन्ही पोरींना त्यांच्यापासून लांब ठेवा. वेगळ्या खोलीत."

वेगळी खोली आणायची कुठून? घर म्हणजे एकच लांबट खोली, एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला खिडकी. अंजनाबाईंनी मधोमध दोरी बांधून लुगडं टाकलं. धाकटी त्याखालून सरपटत बापाच्या बाजेपाशी जायची. मग त्यांनी डबे आणि ट्रंका रचल्या. त्या तिनं ढकलून पाडल्या.

"सोड वं, मीच करतो," आनंदराव म्हणाले.

खोक्यांच्या फळ्या चिरून त्यांनी चार दिवसांत आडोसा उभा केला. दोन खिळे ठोकले की खोकत खाली बसायचे. गुडघ्यापर्यंत सलग फळ्या, वर बोटभर फट सोडून उभ्या पट्ट्या. "खिडकी माह्या बाजूले गेली तरी उजेड तुमच्याकडे येते," ते म्हणाले. उजेड येत होताच. थोरली प्रेमिला चुलीजवळ पाढे म्हणायची आणि ते बाजेवरून पट्ट्यांमधून तिच्या चुका काढायचे.

एका दुपारी अंजनाबाई पाणी भरून आल्या, तर धाकटी पट्ट्यांना तोंड लावून उभी. आनंदराव आपल्या उष्ट्या भाकरीचा तुकडा तिला भरवत होते. अंजनाबाईंनी पोरीला फाडकन मारलं. लगेच मैद्याची खळ शिजवली आणि वर्तमानपत्रं फाडून फटी बुजवायला घेतल्या.

"काहून बुजवून राहिली वं?"

"पोरी जगल्या पाहिजेत माह्या."

आनंदरावांनी हातातला उरलेला तुकडा ताटलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाजेच्या उंचीवर कागदाला बोटाएवढं भोक पडलेलं दिसलं. अंजनाबाईंनी त्यावर कागद डकवला. दुसऱ्या दिवशी शेजारी नवं भोक. पलीकडे डोळा होता.

"तुम्ही पाहाल तर धाकटी बी तिथंच येईल," त्या म्हणाल्या आणि त्या डोळ्यासमोरच त्यांनी खळ फासली.

पुन्हा भोक पडलं नाही. अकरा दिवसांनी आनंदराव गेले.

महिन्याभरानं पोरींच्या छातीचे फोटो काढले. दोघीही निरोगी निघाल्या. आनंदरावांची बहीण सिंधूताई भेटायला आली होती. ती म्हणाली, "तुम्ही केलं ते बरोबरच केलं, वहिनी."

"हो, बरोबरच केलं," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "पण त्यायनं एकदा तरी माह्याशी भांडाचं होतं ना वं."