निळ्या ड्रमातली धूळ

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. तुमच्या मोरीपाशी माझा एखादा भाऊ उभा असेल, पाण्याने काठोकाठ भरलेला. मला मात्र आता कुणी पाण्यासाठी घेऊ नका. माझ्या पोटात कितीतरी वर्षं झुरळं नांदली. नाक मुरडू नका. आधी ऐकून घ्या.

डोंबिवलीच्याच एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवून मला घडवलं. अंग गुळगुळीत, तोंड रुंद, झाकण घट्ट. परशुरामने मला खांद्यावर टाकून घरी आणलं. बापजाद्यांच्या भातखाचरावर एक इमारत उठली होती आणि जमिनीच्या बदल्यात त्याला तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. तेव्हा नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. त्याची बायको सगुणा मला रोज आतून-बाहेरून पुसायची. लेकीच्या, भावनाच्या हळदीला सगळ्या मांडवाला मी पाणी पाजलं. सगुणा पाहुण्यांना सांगायची, "टाकी रिकामी व्हईल, पन माझा ड्रम नाय." असं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

पुढे पाणी रोज येऊ लागलं आणि मी कोरडा पडलो. मग मला त्यांच्या मुलाने, देवेशने उचललं.

देवेशला माशांचा नाद होता. बाहेरच्या खोलीत त्याने मोठी काचेची पेटी आणली आणि तिच्यात रुपेरी, लांबोडका अरोवाना मासा सोडला. त्याला खाऊ म्हणून तो झुरळं पाळणार होता.

"माझ्या हळदीच्या ड्रमान झुरलं?" सगुणा ओरडली. "अरे, लोक झुरलं मारायला मानसं बोलावतात, न तू घरान आनतोस!"

"आई, ही आपल्या मोरीतली नाहीत गं. वेगळी जात आहे. गुळगुळीत भिंतीवर यांना चढता येत नाही. एक जरी बाहेर दिसलं ना, तर मलाच ड्रममध्ये टाक."

"तुना कशाला, त्या माशाचंच कालवन करते."

देवेशने माझ्या झाकणाला मोठं भोक पाडून बारीक जाळी बसवली. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले, म्हणजे झुरळांना लपायला जागा आणि घाण खाली पडायला वाट. कोंडा, गाजर, भोपळ्याची साल असं खाणं. पाण्याची वाटी कधी नाही, पिल्लं बुडतात. काठाखाली आतून व्हॅसलीनचा पट्टा. मुंग्या चढू नयेत म्हणून मला माशाच्या पेटीशेजारी पाण्याच्या परातीत उभं केलं, गावाकडे दुधाच्या कपाटाचे पाय ठेवायचे तसं.

आणि आणखी एक काम तो न चुकता करायचा. खाली साचलेली विष्ठा आणि कातीचा चुरा चाळायला तो मला गच्चीवर न्यायचा. नाकातोंडाला रुमाल बांधायचा, वाऱ्याकडे पाठ करायचा आणि मगच चाळण हलवायचा. परशुराम जवळ बसून सगळं बघायचा. बापाचं लक्ष चांगलं होतं. पण रुमाल कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. वास येत असेल म्हणून, असं त्याने धरलं.

देवेश औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कंपनीत कामाला होता. एका दुपारी मोठा आवाज झाला. परातीतलं पाणी हिंदकळलं, माझ्या पोटातली झुरळं एकदम ट्रेंच्या आत शिरली. बाहेर खिडकीच्या काचा खाली पडल्या. सगुणा काचांवरून अनवाणीच दाराकडे धावली. देवेश पहिल्या पाळीला होता. त्याची पाळी संपत आली होती.

तो घरी आला तो गुंडाळलेला आला. त्यावर मी जास्त बोलत नाही.

मागे राहिलं काय? त्याची मोटारसायकल भावनाच्या नवऱ्याने नेली. कपडे वाटले. राहिला तो मासा आणि राहिलो मी. परशुरामने मनाशी पक्कं केलं, की हा मासा मरता कामा नये. त्याने देवेशची सगळी रीत उचलली. परात, पट्टा, जाळी, कशात म्हणून कसूर नाही. इतक्या वर्षांत माझ्यातून एकही झुरळ बाहेर पडलं नाही. त्याला त्याचा अभिमान होता.

एकदा सगुणा कोलंबी सोलताना म्हणाली, "अवो, त्याला दोन कोलंब्या टाका की. मासाच तो. कशाला ही झुरलांची उस्तवार?"

"देवेश झुरलंच घालायचा," परशुराम म्हणाला.

 ती पुन्हा कोलंबी सोलू लागली.

एकच गोष्ट बदलली होती. गच्ची गळते म्हणून सोसायटीने तिला कुलूप लावलं होतं आणि परशुरामचे गुडघेही आता जिना चढू देत नव्हते. म्हणून चाळायचं काम घरातच, मोरीच्या तोंडाशी होऊ लागलं. परशुराम मला तिरका धरायचा आणि सगुणा चाळण हलवायची. रुमाल कुणी बांधला नाही. दोघांचं आयुष्य मिठागरात आणि सुक्या मासळीच्या वासात गेलेलं, वासाचं त्यांना काय? देवेशच्या हातची चाळण म्हणून सगुणा ती धरायची, कधीकधी पदराने पुसून छातीशी घ्यायची. खाली पडलेली तपकिरी धूळ ती खिडकीतल्या मिरचीच्या रोपांना घालायची. मिरच्या चांगल्या आल्या.

मग सगुणाला खोकला लागला.

मित्रांनो, डोंबिवलीत खोकला आला की माणसं आधी आभाळाकडे बघतात. कंपन्यांकडून कधी कुबट, कधी जळक्या औषधासारखा वास सुटतो आणि गल्लीत हाका जातात, "गॅस सोडला रे, खिडक्या लावा!" हे काही खोटं नाही. तो वास वाईटच. पण सगुणाच्या घरात त्या वासाला आणखी एक नाव होतं. ज्या कंपनीने लेक नेला, तीच आता तिचा श्वास न्यायला आली, असं ती म्हणायची. वास आला की ती धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावायची, फटीत ओले कपडे कोंबायची. नंतर नंतर वास नसतानाही खिडक्या बंदच राहू लागल्या.

आणि बंद खोलीत, पेटीतल्या दिव्याच्या उजेडात, मला माझ्या जाळीतून उठणारी बारीक धूळ दिसायची. ती सतरंजीवर बसायची, उशीवर बसायची, सगुणाच्या केसांवर बसायची. मी जोर केला असता तर काय झालं असतं? ड्रमाला जोर कुठला! मी उभा राहिलो परातीत.

परशुराम तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर सगुणा धापा टाकत, पण हसत भावनाला फोनवर सांगत होती, "डागतर मना विचारतो, घरान झुरलं हायेत का? तुझा बाप कसला रागावला! म्हनतो, आमचं घर काय गलिच्छ वाटलं का तुमाना? एक पन झुरल नाय आमच्या घरान!"

पलीकडे भावनाही हसली असावी.

परशुराम खोटं बोलला नव्हता, मित्रांनो. त्याच्या मते घरात झुरळ म्हणजे मोरीतून फिरणारं, ओट्यावर येणारं, लाज आणणारं. माझ्या पोटात हजारभर होती, ती देवेशची होती. ती झुरळांत धरायची हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा दम्याचा फवारा दिला आणि धुळीपासून जपा म्हणाले. म्हणून परशुरामने खिडक्यांना आतून प्लास्टिक लावलं.

थंडीत गॅसचा वास खाली खाली राहतो. तशात माझ्या चाळणीचा दिवस आला. परशुराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे आज, तुझी छाती वाजते."

"भोपल्याच्या सालीनी ट्रे भिजलेत खाली. बुरशी धरली तर मरतील सगली," सगुणा म्हणाली. "न मग मासा काय खाईल? द्या इकरं."

तिने चाळण हलवली. पहिल्यांदाच तिचा हात मध्येच थांबला. तिने माझा काठ पकडला, दोन्ही हातांनी. तिची बोटं माझ्या प्लास्टिकवर पांढरी पडली. तोंड उघडं होतं, पण वारा आत जात नव्हता. परशुराम खिडकीकडे धावला. उघडायला नव्हे. कुठे फट राहिली का, ते बघायला.

रिक्षातून नेलं तिला. आली नाही.

तेरावं झाल्यावर भावना कळव्याहून घर आवरायला आली. तिने माझं झाकण उघडलं, आत वाकली आणि ट्रे उचलला. तपकिरी धूळ वर आली. ती शिंकत सुटली. डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या, घशातून शिटीसारखा आवाज येऊ लागला. ती मागे सरकली, भिंतीला टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उठून खिडकीचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि काच सरकवली.

"बाबा," बाहेर तोंड काढून श्वास घेत ती म्हणाली, "डॉक्टरांनी झुरळांचं विचारलं, तेव्हा तुम्ही यांचं सांगितलंत?"

परशुराम खाटेवर बसला होता. "कोनाचं?"

तिने माझ्याकडे बोट केलं.

त्याने माझ्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ही तर देवेशची हायेत."

भावनाने चेहरा ओंजळीत धरला. तिने बापाला एका शब्दाने दुखवलं नाही. तेच त्याला जास्त लागलं असावं. कारण तो उठला, रुमाल शोधला आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकातोंडाला बांधला. त्याने माझं झाकण लावलं आणि शेजाऱ्यांना सांगून मला खाली नेलं. माशांच्या दुकानवाल्याने झुरळं नेली. उघड्यावर सोडायची नाहीत, एवढी देवेशची शिकवण परशुरामने तेव्हाही मोडली नाही.

संध्याकाळी मासा काचेला तोंड लावून फिरत होता. उपाशी होता. परशुरामने फ्रिज उघडला. बर्फाच्या कप्प्यात एका डब्यात कोलंबी होती, सगुणाच्या हातची सोललेली. त्याने एक कोलंबी पाण्याखाली मऊ केली आणि पेटीत टाकली.

माशाने ती खाली जाऊ दिली नाही. एका झेपेत गिळली आणि पुन्हा वर आला, दुसरीसाठी.

परशुराम तिथेच जमिनीवर बसला. हे भावनाने गच्चीचं कुलूप उघडवून मला धुताना सांगितलं. म्हणजे ती मला सांगत नव्हती, आपल्याशीच बोलत होती. पण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

आता मी गच्चीवर उन्हात उपडा असतो. मित्रांनो, मुकी जनावरं पाळा, किडामुंगी पाळा, मी कुणाला नको म्हणत नाही. परात, पट्टा आणि जाळी लावली म्हणजे झुरळ आत राहतं. धूळ राहत नाही. ती उघड्यावर चाळा, तोंड बांधून चाळा, निजायच्या खोलीपासून लांब ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर आवडीच्या गोष्टीचंही नाव सांगा. गेलेल्या माणसाची रीत पाळताना, ती त्याने कशासाठी पाळली होती, एवढं विचारून घ्या.

खाली तिसऱ्या मजल्यावर खिडकी आता उघडी असते. गल्लीत हाक उठते, "गॅस सोडला रे!" सगळ्या इमारतीच्या काचा सरकतात. परशुरामची सरकत नाही. तो खिडकीत, त्या मिरच्यांच्या रोपांपाशी उभा राहतो आणि जो बाहेर ठेवायला त्याने सगुणाला धुळीत कोंडलं, तोच वास छातीत भरून घेत राहतो.