उलट तर नाही?

त्या पत्राला मी चौतीस वर्षं उत्तर दिलं नाही. उर्मटपणा नव्हता. लिहिलेल्या प्रत्येक उत्तरात मला एखादी चूक सापडायची, आणि चुकीचा कागद पुढे पाठवायचा नाही हीच माझी नोकरी होती.

मी छापखान्यात प्रुफं तपासायचो. विद्यापीठातल्या एका बाईंचं नद्यांवरचं पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं. त्यात म्हटलं होतं की, वळणावर नदीचा आतला काठ खचतो आणि बाहेरच्या काठाला गाळ साचतो. मी रोज नदीकाठानंच कामावर जायचो. बाहेरच्या काठावरची तीन झाडं माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली होती. न राहवून मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘उलट तर नाही?’ आणि मग आठवडाभर जीव मुठीत धरून बसलो.

बाईंचं पत्र आलं. ‘उलटच आहे. आभारी आहे. दर गुरुवारी अकराला माझा तास असतो. मागच्या बाकावर येऊन बसा. कुणी काही विचारणार नाही.’

फोरमननं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. “घ्या! अकरावी नापास साहेब निघाले विद्यापीठात. येताना आमच्यासाठी पण एखादी पदवी आणा हो!”

सगळे हसले. मीही हसलो. तिथंच सगळं संपलं.

तीन महिन्यांपूर्वी पुतणीनं तिचा जुना टॅब माझ्यापुढे ठेवला. “काका, आता विद्यापीठाचे वर्ग घरबसल्या बघता येतात. फुकट. कुणीही बसावं.”

“शिक्षण विचारत नाहीत?”

“नाही.”

“वय?”

“काका, आपण लग्न जमवायला नाही चाललोय!”

यादी खाली सरकवताना बाईंचं नाव दिसलं. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. माझा विश्वास फक्त दुसऱ्या वाचनावर.

तेव्हापासून दर गुरुवारी अकराला मी इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसू लागलो. एका वेळी एकच तास. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘चार हजार विद्यार्थी’. खोलीत मात्र मी आणि एक रिकामी खुर्ची. बाई मध्येच विचारायच्या, “कळलं ना?” मी म्हणायचो, “हो, बाई.” दिवसभरात तेवढंच काय ते माझं बोलणं.

नवव्या तासाला त्यांनी फळ्यावर नदीचं वळण काढलं. गाळाचा बाण बाहेरच्या काठाकडे नेता नेता त्यांचा हात थबकला. त्या हसल्या.

“ही चूक मी पुस्तकातही केली होती. छापखान्यातल्या एका माणसानं समासात विचारलं, उलट तर नाही? त्याला या वर्गात बोलावलं होतं मी. आला नाही. तुम्ही आला आहात, तर विचारत जा.”

मी टॅब बंद केला. जरा वेळानं पुतणीला फोन लावला, सगळं सांगितलं आणि बाईंना पत्र लिहितो म्हणालो.

“पत्र कशाला, काका? तिथंच खाली दोन ओळी टाका की.”

“त्यांनी पत्र लिहिलं होतं.”

“पण ते रेकॉर्डिंग बारा वर्षांपूर्वीचं आहे.” ती अडखळली. “बाई... असतील ना अजून?”

“तिथं लिहिलेलं नाही.”

मग म्हणाली, “पत्रच टाका, काका.”

पुढच्या आठवड्यात एका सकाळी लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. ‘पत्र मिळालं होतं. यायला धीर झाला नाही. आता दर गुरुवारी येतो. मागच्याच बाकावर असतो.’ खाली सही केली आणि, या खेपेला पुन्हा न वाचता, पाकीट चिकटवलं. पत्ता विद्यापीठातल्या बाईंच्या विभागाचा घातला.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला, आणि तेव्हाच आठवलं. सहीच्या वर लिहिलेल्या ‘आपला विद्यार्थी’मधला रफार द्यायचा राहिला होता.

पेटीच्या फटीत बोटंसुद्धा शिरत नव्हती. क्षणभर तिथंच उभा राहिलो, मग भराभर घराकडे निघालो. गुरुवार होता, आणि अकरा वाजत आले होते.