कृष्णविवराचा समारोप

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या बुद्धविहारात एक नियम भागीरथीबाईंनी स्वतः घालून दिला होता : अध्यक्षांनी समारोप केला की त्यानंतर कोणी बोलायचे नाही. गेली बारा वर्षे अध्यक्षही त्याच असल्यामुळे नियम मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. एकतीस वर्षे रुग्णालयात मेट्रन म्हणून वावरलेल्या या बाईंसमोर मोठमोठे डॉक्टर आवाज खाली आणीत. मग सतरंजीवर बसणाऱ्यांची काय कथा!

या रविवारी त्यांची नात मैत्रेयी कृष्णविवरांवर बोलणार होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मैत्रेयीचे हे पहिलेच जाहीर व्याख्यान. शनिवारी सकाळी तिने आजीसमोर तालीम केली.

"तारा म्हणजे, आजी, एक सतत चाललेली ओढाताण..."

"मान वर. ओढणीशी चाळा नको."

"त्याचं वजन त्याला आत ओढतं आणि पोटातली आग बाहेर रेटते. म्हणजे भाकरी कशी आतल्या वाफेवर फुगून राहते, तसं. खूप जड ताऱ्यातलं इंधन संपलं म्हणजे..."

"आवाज शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे. आणि 'म्हणजे' किती वेळा म्हणशील गं?"

अशा रीतीने नातीची मान, ओढणी आणि आवाज ठाकठीक झाले. विषय तेवढा राहून गेला. आपल्याला काही कळलेले नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते. पण नातीला विचारायचे? शिकाऊ नर्सला मेट्रनने 'इंजेक्शन कुठे देतात गं?' असे विचारण्यातलाच तो प्रकार! उद्या ऐकताना कळेल, असे त्यांनी ठरवले.

रविवारी वंदना झाली आणि मैत्रेयी उभी राहिली. चांगली बोलली. इंधन संपल्यावर जड ताऱ्याचा गाभा क्षणात कसा कोसळतो, बाहेरचे थर कसे उधळले जातात, उरलेला गाभा पुरेसा जड असेल तर तो आत आत दबतच कसा जातो, हे तिने सांगितले. सूर्य तेवढा दाबला तर अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांच्या मधल्या अंतरात मावेल, असेही ती म्हणाली. सेक्रेटरी कमळाकर प्रत्येक वाक्याला मान डोलावीत होते. भागीरथीबाई मात्र 'म्हणजे' मोजत होत्या. अकरा झाले, आणि त्या मोजणीत नेमके महत्त्वाचे ऐकायचे राहिले.

मग त्या समारोपाला उठल्या.

"बंधुभगिनींनो, कृष्णविवर हे आकाशातले अधाशी तोंड होय. उद्या आपला सूर्य असा झाला, तर तो पृथ्वीला भाताच्या शितासारखा ओढून गिळील. तेव्हा सावध असावे!"

पुढच्या रांगेतली शीला दचकली. "अगं बाई! आत्ताच कुठे फ्लॅट घेतलाय आम्ही!"

मैत्रेयी अर्धवट उठली. कमळाकरांनी हाताने खुणावले, "बस, बाळा. अध्यक्षांनंतर बोलायचं नसतं."

ती बसली. तिचा चेहरा बाईंनी पाहिला आणि त्या थबकल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. मेट्रनच्या हातात चुकीची बाटली दिसूनही जिची जीभ उचलत नाही, त्या नव्या नर्सचा हा चेहरा. अशा गप्प बसलेल्या मुलींना त्यांनी वॉर्डात किती फैलावर घेतले होते! या वेळी चुकीची बाटली आपल्याच हातात आहे, हे त्यांना कळले. बारा वर्षांचा मान एका पारड्यात होता आणि दुसऱ्यात नातीचे पहिले व्याख्यान.

"मैत्रेयी, ऊठ. अध्यक्षांचं काय चुकलं ते सांग."

"पण आजी, नियम..."

"हा अध्यक्षांचा हुकूम आहे!"

मैत्रेयी उठली. "सूर्य तेवढा जडच नाही, त्यामुळे तो कृष्णविवर होणार नाही. आणि समजा झालाच, तरी वजन तेच, अंतर तेच, म्हणून ओढही तेवढीच. पृथ्वी आहे तशीच फिरत राहील. अंधार होईल, थंडी पडेल, पण गिळणार कोणी नाही. कृष्णविवर ओढायला येत नाही. फार जवळ जाणारा अडकतो."

"अडकतो तो का?" बाईंनी भर सभेत विचारले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

"दगड वर फेकला तर खाली येतो ना? सेकंदाला अकरा किलोमीटर वेगानं फेकता आला तर पृथ्वीला सोडून जाईल. कृष्णविवराच्या सीमेच्या आत प्रकाशाचा वेगही पुरत नाही, आणि प्रकाशाहून वेगवान काही नाही. तिथं प्रत्येक वाट आतच जाते."

मग कमळाकरांचा हात वर झाला. "मला पण एक विचारायचंय. मघापासून मान हलवतोय खरा, पण... जे दिसत नाही, ते आहे हे कळतं कसं?"

"शेजारचे तारे कशाभोवती फिरतात ते पाहून, काका."

मग शीलाने विचारले, मग तिच्या जावेने. व्याख्यानानंतरचे जेवण निवून गेले तरी कोणी उठेना. अखेर भागीरथीबाईंनी पदर सावरला.

"आता मी पुन्हा समारोप करते." त्यांनी एक वाक्य उच्चारले आणि मैत्रेयीकडे पाहिले. तिने मान डोलावली. दुसरे उच्चारले, पुन्हा पाहिले. तिसऱ्या वाक्याला मैत्रेयीची मान किंचित आडवी हलली.

"थांबा," अध्यक्ष कडाडल्या. "हे वाक्य मी मागे घेते. बोल गं, बरोबर काय ते."