खिळ्यावरचा टॉवेल

"अहो, ती सुई ठेवा खाली," बायको दारातूनच म्हणाली. तिला खोलीत यायला बंदी होती, आणि ती त्यानेच घातली होती.

"तू गप्प बस. जन्मभर लोकांच्या हनुवटीवरचे फोड फोडले मी. आता स्वतःचे फोडायला तुला विचारू?"

आरशातला चेहरा आपला आहे हे त्याला पटत नव्हतं. कपाळ, पापण्या, कानाच्या पाळ्या, जिथे बोट ठेवावं तिथे टचटचीत पाण्याचा फोड. नातीला कांजिण्या आल्या तेव्हा हा पठ्ठ्या तिच्या खोलीकडे फिरकलाही नव्हता. तिचा पेला त्याने चिमट्यात धरून बाहेर नेऊन ठेवला होता. एवढं सोवळं पाळलं, तरी पोरगी बघता बघता बरी होऊन हुंदडायला लागली आणि आजोबा आडवे पडले. त्यात दाढी वाढलेली, आणि दाढीच्या मुळाशीही फोडच. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दाढीचा केस आत वळून पुळी आली की सलूनमध्ये तो काय करायचा? सुईने टोचायचं, पिळायचं, वर तुरटी फिरवायची, संपला विषय. गिऱ्हाईक आधी कळवळायचं आणि मग बरं वाटलं म्हणायचं. तीच विद्या त्याने कांजिण्यांवर चालवली. एकेक फोड हुडकून टोचला, पिळला, तुरटीचा खडा घासला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तरी हात थांबला नाही. दोन दिवसांत सगळं पिकलं. सकाळी उशीचा अभ्रा गालाला चिकटून वर यायचा, आणि त्या अभ्र्याच्या वासाबद्दल न बोललेलंच बरं.

लोक त्याला नाकमुरडे म्हणत ते उगाच नव्हे. गिऱ्हाईक दारात आलं की याची नजर आधी त्याच्या कातडीवर. गजकर्ण, खरूज, कसलाही डाग दिसला की ठरलेलं वाक्य तयार: "आज ब्लेड संपलंय हो." अगदीच नात्यातलं कोणी असलं, हाकलता येत नसलं, तर खिळ्यावर एक वेगळा टॉवेल टांगलेला असे. जुना, राखाडी, विटका. तो गळ्याभोवती आला की शहाण्याने काय ते समजायचं. लोकांनाही हे आवडायचं. इथे कसं सगळं स्वच्छ, म्हणून दुरून यायचे. आता हे असलं थोबाड घेऊन आपण त्यांच्या गालाला हात लावणार आणि ते लावू देणार? या एका विचाराने त्याची झोप उडाली होती. दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

"कातडीच्या डॉक्टरला दाखवा," बायकोने शेवटी दम भरला. "नाहीतर मी आत येऊन तुम्हाला ओढत नेईन."

पहिला दवाखाना काचेच्या दरवाजाचा. भिंतभर गुळगुळीत गालांच्या बायकांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीने त्याला बघितलं आणि ओढणी नाकाला लावली.

"काका, तुम्ही बाहेर थांबा. नाही नाही, त्या बाकावर नको, आत्ताच पुसलाय."

तो उन्हात उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने दार बोटभर उघडलं. "डॉक्टर आज नाही बघणार. मशीन बंद आहे हो."

फोडांना कसलं मशीन? त्या 'हो'चा गोड सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याला तिची किळस आली, आणि तिच्याहून जास्त स्वतःची.

सलूनसमोरच्या चष्मेवाल्याने फोनवर पत्ता दिला. हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "टायरच्या दुकानावर एक डॉक्टर बसतो. गुण येतो त्याचा. फक्त..."

"फक्त काय?"

"जा तर खरा."

जिन्यात रबराचा उग्र वास. वर डॉक्टर पाठमोरा हात धूत होता. एवढ्या दुखण्यातही याची नजर केसांवर गेली. एका बाजूला लांब, दुसरीकडे कुरतडलेले, मानेवर कात्रीच्या खाचा. कुठल्या गाढवाने कापलेत हे, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात डॉक्टर वळला. ओठांभोवती, बोटांवर, मनगटापर्यंत पांढरे डाग. कोड.

याने हात खिशात घातले. आणि मग आठवलं. हा माणूस सलूनच्या दारातून परत गेला होता. एकदा नव्हे.

"बसा." डॉक्टरने त्याची हनुवटी सरळ हातात धरली. हा मागे सरकता सरकता भिंतीला टेकला.

"कोड लागत नाही," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या कांजिण्या मात्र मला लागल्या असत्या. लहानपणी येऊन गेल्यात म्हणून ठीक. हे टोचलं कोणी?"

"मीच. वर तुरटी लावली."

"काम काय करता?"

"सलून आहे." डॉक्टरने फोडांआडचा चेहरा नव्याने निरखला.

"तरीच. कांजिण्यांचे फोड फोडायचे नसतात. नुसते राहू दिले असते तर आपोआप सुकले असते. आता खड्डे राहणार. गोळ्या देतो, मलम देतो. मी सांगेपर्यंत तोंडाला ब्लेड लावू नका."

"सलून कधी उघडू?"

"सगळ्यांवर खपल्या धरल्या की उघडा. मग तुमच्यापासून कोणाला धोका नाही."

"लोक बसतील का पण?"

"त्याला माझ्याकडे औषध नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही केस कुठे कापता?"

"घरीच. आरशात बघून." डॉक्टर मलमाचं झाकण लावत होता. "तुमच्याकडे ब्लेड कायम संपलेलं असतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खपल्या गळल्यावर त्याने सलून उघडलं. फरशी पुसली, आरसे पुसले, वस्तरे उकळले. चष्मेवाला दारापर्यंत आला.

"झालास का बरा? छान, छान."

"बस की. किती वाढलीय दाढी."

"आज घाई आहे रे." त्याची नजर याच्या गालावरच्या खड्ड्यांवर गेली आणि चटकन रस्त्याकडे वळली. "आणि हल्ली घरीच करतो मी."

दुसरा आला तो तसाच गेला. तिसरा उंबऱ्याबाहेरूनच तब्येत विचारून सटकला. दुपार झाली तरी खुर्ची रिकामी. त्याने दुकान ओढून घेतलं आणि टायरच्या दुकानाचा जिना चढला. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द नकोत. खुर्चीवर कोणीतरी बसायला हवं होतं, आणि ते कुरतडलेले केस त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"डॉक्टर," तो दारात उभा राहून म्हणाला, "ब्लेड आलंय."

डॉक्टरने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "संध्याकाळी येतो."

आणि आला. खुर्चीत बसला. याचा हात सवयीने खिळ्याकडे गेला, टॉवेलला लागला, आणि तिथेच अडला. मग त्याने कपाटातला पांढराशुभ्र कपडा काढून झटकला. मानेवर मोठा पांढरा चट्टा होता. बोट टेकताच किळस आलीच. ती कुठे गेली नव्हती, तशीच होती. तरी त्याने कात्री चालू ठेवली. समोर चष्मेवाला पुसलेलीच काच पुन्हा पुसत इकडे बघत होता.

केस झाल्यावर त्याने लहान आरसा डॉक्टरच्या डोक्यामागे धरला. डॉक्टर बघतच राहिला.

"मागून असा दिसतो होय मी," तो म्हणाला.

"थांबा, एक केस राहिलाय," हा म्हणाला. राहिला काहीच नव्हता. त्याने आरसा तसाच धरून ठेवला.

उठताना डॉक्टरने त्याच्या जबड्यावर अंगठा दाबून पाहिला. हा मागे सरकला, पण थोडासाच. "सुकलंय. दाढी करा आता."

त्यानंतर कोणी आलं नाही. चष्मेवाल्याने दुकान बंद केलं आणि पलीकडच्या फुटपाथने निघून गेला. याने केस झाडून गोळा केले, खुर्ची पुसली आणि स्वतःच तिच्यात बसला. मग उठून खिळ्यावरचा राखाडी टॉवेल काढला, स्वतःच्या गळ्याभोवती नीट खोचला आणि गालाला फेस लावायला घेतला.