इतर उपकरणांवर उघडी पाने

रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रे विभागात, एकतीस वर्षं रोज तीच तीन वाक्यं बोलून तिचं नाव श्वासबाई पडलं होतं. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. नाव पाठीमागे पडलेलं होतं, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना पडलेली नावं याहून वाईट होती.

श्वासबाईला फारशा गोष्टी मनापासून आवडत नसत. आवडायचा तो तिचा ब्राउझर. फोनबरोबर जो आयता येतो तो वापरणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. तिने स्वतः शोधून, चार टाकून, पाचवा ठेवला होता. एक बटण दाबलं की पानावरच्या जाहिराती, हलणारी चित्रं, 'आमचे सभासद व्हा' म्हणून आडव्या येणाऱ्या चौकटी सगळं गायब व्हायचं आणि नुसती अक्षरं उरायची, मोठी आणि काळीभोर. दुसरं म्हणजे उघडलेलं पान तो जपून ठेवायचा, नेटवर्क नसलं तरी. एक्स-रे विभागाच्या भिंतींत शिशाचे पत्रे होते आणि खाली उतरताना दुसऱ्या पायरीवरच फोनची रेंज जायची. म्हणून श्वासबाई रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आठ-दहा पानं उघडायची आणि मग शिदोरी घेतल्यासारखी खाली उतरायची. व्हेल माशाचे कान, सिमेंट घट्ट का होतं, कुठल्यातरी गावच्या दोन भावांचा विहिरीवरून चाललेला दावा. तिला काहीही चालायचं.

पण ब्राउझरची खरी मजा फोनवर नव्हती, ती गेम खेळायच्या यंत्रावर होती. हे दोन्ही हातांत धरायचं, दोन बाजूंना बटणं असलेलं यंत्र मुलीने पहिल्या पगारात घेतलं होतं, महिनाभर खेळलं होतं आणि मग कपाटात टाकलं होतं. त्यात ब्राउझर चालतो हे मुलीनेच एकदा गंमत म्हणून दाखवलं. झालं, त्या दिवसापासून यंत्र आईचं. डाव्या अंगठ्याने दांडी ढकलली की पान सरकायचं, वरची बटणं दाबली की या पानावरून त्या पानावर. अक्षरांवर बोट येत नाही, हे तिचं भेटेल त्याला सांगून झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत शिशाचे एप्रन टांगलेल्या खोलीत ती यंत्र घेऊन बसली की स्ट्रेचर ढकलणाऱ्यांना वाटायचं बाई गोळीबार खेळतायत. एकाने विचारलंही, कितव्या लेव्हलला पोचलात म्हणून. व्हेलच्या कानांपर्यंत, असं तिने सांगितलं. तो मान डोलावून गेला.

मुलीने आईकडून तीन गोष्टी उचलल्या होत्या: सपाट तळवे, हट्ट आणि हा ब्राउझर. दोन वर्षांपूर्वी मुलीने नवा फोन घेतला तेव्हा तो आईनेच लावून दिला, आणि पासवर्ड पाठ होता म्हणून स्वतःच्याच खात्यावर. त्यामुळे आईचा फोन, आईचं यंत्र आणि मुलीचा फोन हे तिन्ही ब्राउझरच्या लेखी एकाच माणसाचे होते. यादीच्या तळाशी एक ओळ असायची: 'इतर उपकरणांवर उघडी पाने'. तिच्यावर बोट ठेवायचं कारण श्वासबाईला कधी पडलं नव्हतं.

कारण पडलं ते मुलगी घर सोडून गेल्यावर. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती, कायम नोकरी, वेळेवर पगार, रविवारी सुट्टी. तिने ती एका सोमवारी सोडली आणि दुसऱ्या गावी एका म्हाताऱ्या कारागिराकडे पियानो दुरुस्त करायला शिकायला जायचं ठरवलं. आईने दोन दिवस शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी सगळे नणंदेकडे जेवायला गेले असताना नणंदेने भाचीची चौकशी केली, तेव्हा आईच्या तोंडून गेलं की प्रयोगशाळाच तिला प्रशिक्षणाला पाठवतेय. मुलगी मागे हातात ताटं घेऊन उभी होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "तुला माझी लाज वाटते. आत्याला खरं सांगशील तेव्हा आपण बोलू."

दुसऱ्या दिवशी ती गेली, त्याला साडेतीन महिने झाले होते. मुलगी दर रविवारी वडिलांना फोन करायची. श्वासबाईचा नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर इतरांची पत्रं न वाचता पुढे पाठवल्यामुळे त्याला कोणाच्या भांडणात पडायची सवय नव्हती. तो फोन घेऊन गॅलरीत जायचा, परत येऊन "बरी आहे" म्हणायचा. श्वासबाई "बरं" म्हणायची. नणंदेला मात्र ती ताकास तूर लागू देत नव्हती. उलट नणंद बारकाईने विचारायची म्हणून प्रशिक्षणाला तपशील लागले, आणि ते तपशील श्वासबाईने ब्राउझरवर रीतसर वाचून काढले: असं प्रशिक्षण किती महिन्यांचं असतं, पुढे बढती मिळते का. एव्हाना मुलगी तिथे वरिष्ठ तंत्रज्ञ झाली होती आणि नणंदेने ते चार घरी सांगितलं होतं.

मग एका दुपारी एप्रनच्या खोलीत बटण दाबताना चुकून ती तळाची ओळ उघडली. सकाळी रेंजमध्ये असताना उतरलेली यादी: मुलीचा फोन, सात पानं. तारेला गंज चढू नये म्हणून काय करावे. खिडकी लहान असेल तर पडदा कोणत्या मापाचा. चादरीवरचा सरसाचा डाग. श्वासबाईने सातही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि यंत्र पालथं घातलं. मग सुलटं केलं. डोकावणं वेगळं आणि दिसणं वेगळं, असं तिने स्वतःला बजावलं. एकतीस वर्षं ती काचेआड उभी राहून माणसांच्या आतलं बघत होती आणि तिला कोणी डोकावते म्हणालं नव्हतं.

तेव्हापासून जिन्याच्या तोंडाशी ती आधी ती यादी उघडायची, मग व्हेल वगैरे. मुलीला पडदा मिळाल्याचं तिला यादीवरून कळलं, कारण पडद्याचं पान गेलं. सरसाचा डाग काही निघाला नाही. ते पान महिनाभर तसंच होतं. पोरीची इतकी आठवण यायची की डागाचं पान दिसलं तरी श्वासबाईला बरं वाटायचं. स्वतःच्या यंत्रावरही तिने मग काही पानं उघडली, ज्यांचा व्हेलशी संबंध नव्हता. 'मोठी मुलगी बोलत नसेल तर काय करावे.' 'माफी मागताना चूक कबूल करावीच लागते का.' दुसऱ्या पानावर उत्तर पहिल्याच ओळीत होतं, म्हणून ते तिने पुढे वाचलं नाही. बंदही केलं नाही. पानं बंद करणं तिच्या स्वभावात नव्हतं. उघडलेलं कधीतरी लागतं, असं तिचं म्हणणं होतं.

आणि एका मंगळवारी यादीत आलं: 'खोकला तीन आठवडे जात नाही.' त्याखाली: 'लाकडाची धूळ फुप्फुस'.

तीन आठवडे खोकला म्हणून किती माणसं श्वासबाईसमोर छाती लावून उभी राहिली होती याची गणती नव्हती, आणि त्यांतल्या काहींच्या छातीत काय दिसलं होतं ते तिने पुढे लिहून पाठवलं होतं, जेवून हात धुतले होते आणि घरी आली होती. आता तिला जेवण जाईना. नवऱ्याला तिने रविवारची वाट न बघता फोन करायला लावला. खोकल्याचं विचारा म्हणाली. खोकला आहे हे तुला कुठून कळलं, असं त्याने विचारलं. असेलच, ऋतू तसा आहे, असं ती म्हणाली. नवऱ्याने गॅलरीत जाऊन फोन केला आणि परत येऊन बरी आहे म्हणून सांगितलं. खोकते का, तर बोलताना एक-दोनदा खोकली खरी. कोरडा की ओला, हे त्याला सांगता येईना. टपालखात्यात असा भेद करत नसत.

गुरुवारी यादीत 'छातीचा एक्स-रे काढायला किती वेळ लागतो' आलं. दोन मिनिटं, श्वासबाई जिन्यावर उभ्याउभ्या मोठ्याने म्हणाली. शेजारून जाणारा कंपाउंडर थांबला. तिने त्याला जा म्हणून खूण केली. त्या दिवशी तिने अकरा छात्या काढल्या आणि दर छातीला परक्या गावातल्या परक्या तंत्रज्ञाची चिंता केली. तो पोरीला खांदे पुढे घ्यायला सांगेल का? गळ्यातली साखळी काढायला लावेल का? फोन उचलून विचारायला काय जात होतं? जात होतं एवढंच, की आधी दुसरा एक फोन करावा लागला असता, नणंदेला. श्वासबाईने शुक्रवारी तो दोनदा लावला. दोन्ही वेळा पलीकडे घंटा वाजायच्या आत बंद केला.

शनिवारी सकाळी ती रोजच्यासारखी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, यंत्र फोनच्या नेटवर जोडलं आणि यादी उघडली. मुलीचा फोन, एकच पान. बाकी सगळी बंद केलेली. मुलीने शोधायच्या चौकटीत मजकूर टाइप केला होता आणि तोच पानाचं नाव होऊन बसला होता:

'आई एक्स-रे काढला छाती स्वच्छ आहे आत्याला सांगितलंस का'

खाली ब्राउझरने प्रामाणिकपणे शोध घेऊन कळवलं होतं, की याविषयी काही सापडले नाही.

आधी श्वासबाईचा जीव भांड्यात पडला. छाती स्वच्छ. तिने ती ओळ चारदा वाचली आणि तिचे डोळे भरून आले, भर जिन्यात, येणारे-जाणारे असताना. मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली.

इकडून तिकडचं दिसतं तर तिकडूनही इकडचं दिसत असणार. इतकी वर्षं काचेआड राहिलेल्या बाईला हे सुचलंच नव्हतं. तिने स्वतःची पानं उघडली आणि पहिल्यांदाच मुलीच्या डोळ्यांनी वाचली. एकूण चौसष्ट होती. वरिष्ठ तंत्रज्ञाची बढती किती वर्षांनी. प्रयोगशाळा प्रशिक्षण, कालावधी व प्रमाणपत्र. प्रमाणपत्र कसे दिसते. मोठी मुलगी बोलत नसेल तर काय करावे. पियानो दुरुस्तीत पोट भरते का. माफी मागताना चूक कबूल करावीच लागते का. मधेच व्हेल. मग कोरडा खोकला आणि ओला खोकला. चोर आपल्या हाताने चोरीची यादी करून, वर तारीख टाकून चौकीत देतो, तसं झालं होतं. पोरीने साडेतीन महिने हे सगळं बघितलं होतं, खोटं कसं घडत गेलं तेही, आणि त्याच्या बाजूलाच आईचा जीव कसा तुटत होता तेही. ना तिने खातं बदललं, ना ब्राउझर.

श्वासबाईचा अंगठा सगळी पानं एकदम बंद करायच्या बटणावर गेला. पण आता कोणापासून झाकायचं? तिने अंगठा उचलला, फोन घेतला आणि नणंदेला लावला. या वेळी घंटा वाजू दिली.

"वन्सं, ऐका. ती पियानो दुरुस्त करायला शिकतेय. तिने नोकरी सोडली. प्रशिक्षण, बढती, सगळं मी रचलेलं. मला लाज वाटली म्हणून."



"म्हणजे ती वरिष्ठ तंत्रज्ञ नाही?" नणंद म्हणाली.

"नाही."

"मी इथे सगळ्यांना सांगितलंय, वहिनी."

"माहीत आहे. त्यांनाही सांगा. नाहीतर नंबर द्या, मी सांगते."

नणंद म्हणाली की नंबर नकोत, ती बघेल काय ते, आणि मग जरा रागानेच म्हणाली की माझ्या साखरेचे रिपोर्ट तिला दाखवायचे म्हणून मी दोन महिने जपून ठेवलेत, त्यांचं आता काय करू. श्वासबाईने ते डॉक्टरला दाखवायला सांगितलं. फोन संपला तेव्हा तिला तोंडात मारल्यासारखं वाटत होतं, आणि त्यातही हलकं वाटत होतं.

मग तिने यंत्र दोन्ही हातांत धरलं आणि दांडीने एकेक अक्षर निवडत शोधायच्या चौकटीत टाइप केलं: 'सांगितलं. चूक माझी होती.' ब्राउझरने एका संस्थेचं पत्रक आणि तीन निकालपत्रं शोधून आणली. खालून विभागातला मदतनीस दोनदा हाक मारून गेला, रांग लागली होती. तिने त्याला थांबायला सांगितलं. एकतीस वर्षांत रांगेला थांबायला सांगण्याची ही पहिली वेळ. खाली उतरलं तर रेंज जाणार, म्हणून ती वरच्या पायरीवर बसून राहिली.

वीस मिनिटांनी फोन वाजला. मुलीचं नाव दिसलं. श्वासबाईने तो कानाला लावला. पलीकडून आधी खोकल्याचाच आवाज आला.

"असा येतो," मुलगी म्हणाली. "रात्री जास्त."

आई जिन्यावर सरळ होऊन बसली आणि तिने दुसरा कान हाताने बंद केला.

"पुन्हा खोक," ती म्हणाली.